देसाईचा उपास

परळच्या आमच्या चाळीत बिनआडनावाचा माणूस टिकत नाही. इथे नळावरून भांडण झालं तर चार दिवसांत मिटतं, पण हाक मारायला आडनाव नाही म्हणजे काय? त्यामुळे तेस्फाये आमच्या मजल्यावर राहायला आला आणि त्याने सांगितलं की आमच्या इथिओपियात आडनाव नसतं, आपलं नाव आणि पुढे वडिलांचं, तेव्हा सावंतकाकूंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"बापाचा नाव सगळ्यांकच आसता," त्या म्हणाल्या. "तेच्या फुडला सांग."

पुढलं काही नव्हतंच. काकूंनी ते नाव दोनतीनदा तोंडात घोळवलं, तेस्फाय, तेसाय, देसाय, आणि त्यांचा चेहरा उजळला. एवढा सरळ देसाई माणूस, उगाच आढेवेढे कशाला घेत होता, असा तो चेहरा होता. त्या दिवसापासून सहा फुटांहून उंच, काळासावळा, हसला की डोळे पूर्ण मिटणारा हा डॉक्टर आमच्या मजल्याचा देसाई झाला. कुरियरवाले "कोणी फॉरेनर राहतात का" म्हणून विचारत यायचे तेव्हा खालचे लोक नाही म्हणायचे. देसाई म्हटलं की दारापर्यंत आणून सोडायचे.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो दोन वर्षांच्या शिक्षणासाठी आला होता. पहिलं वर्ष हॉस्टेलवर काढलं, मग हॉस्टेल दुरुस्तीला निघालं आणि तो खोली शोधू लागला. एजंटशी फोनवर बोलणं व्हायचं तोवर खोली रिकामी असायची, आणि हा दारात उभा राहिला की तिला नुकताच कोणीतरी भाडेकरू मिळालेला असायचा. सावंतकाकूंच्या दिरांची बंद खोली त्यांच्या शेजारीच होती. काकूंनी त्याला एकच प्रश्न विचारला, "मासे खातंस मा?" त्यावर देसाईने एकदम मोठ्याने श्वास आत ओढला. काकू घाबरल्या. दमा आहे की काय म्हणून त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ओवा आणायला आत पळाल्या. त्याच्या देशात 'हो' म्हणायची ती रीत आहे, हे कळायला आम्हाला आठवडा लागला. तोवर बिचाऱ्याने पुष्कळ ओवा खाल्ला.

मी चाळीशेजारच्या शाळेत मराठी शिकवते. मराठी शिकणारे सगळ्या तऱ्हेचे पाहिलेत, पण देसाईसारखा नाही पाहिला. हा मराठी शिकला पाट्यांवरून. रस्त्याने चालताना प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची, अर्थ विचारायचा, आणि संध्याकाळी ती पाटी माणसांवर वापरायची. काकू जिना उतरायला लागल्या की हा वरून अदबीने म्हणायचा, "काकू, पुढे वळण आहे, वाहने सावकाश चालवा." माझ्याकडे चहा पिऊन निघताना म्हणायचा, "आपल्या भेटीबद्दल आभारी आहोत." एकदा मी वर्गावर चिडून घरी आले होते आणि गॅलरीत उभी राहून बडबड करत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "टीचर, कृपया हॉर्न वाजवू नका." पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या सभ्य मराठीत कोणी गप्प केलेलं नाही.

या पाट्यांनीच त्याला आमच्या चर्चपर्यंत आणलं, पण त्याआधी एक भानगड झाली.

आम्ही गायकवाड तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. आमच्यात चर्च ही इमारत, आणि तिच्यात जमणारी माणसं म्हणजे मंडळी. भायखळ्याला आमचं जुनं दगडी चर्च आहे, त्याच्या फाटकावर तसंच लिहिलेलं आहे, मराठी मंडळी, उपासना रविवारी सकाळी नऊ वाजता. देसाईने हॉस्पिटलातून येता-येता ती पाटी वाचली. त्याच्या गावात तो दर रविवारी चर्चला जाणारा. मुंबईत आल्यापासून तो एकटाच खोलीत प्रार्थना करत होता. त्यांच्या प्राचीन पंथाचं चर्च त्याला इथे कुठे सापडलं नव्हतं, आणि बाकीच्या चर्चांत आपल्याला कोण ओळखणार म्हणून तो गेला नव्हता. आता सरळ पाटीच दिसल्यावर त्याने घरी येऊन काकूंना गाठलं.

काकू माझ्याकडे आल्या त्या पदराने तोंड दाबतच.

"बाई, देसायाक मंडळी व्हयी," त्या म्हणाल्या.

आता काकूंच्या पिढीत मंडळी म्हणजे बायको.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. "वय झालंच आहे त्याचं."

"बरा कसला? रविवारी सकाळीच व्हयी म्हणता. नऊ वाजता. मी तेका म्हटलंय, झिला, असा नसता. आणलंस तर सगळे दिवस सांभाळूक लागतली."

मी त्याला रविवारी चर्चला घेऊन गेले. त्याने पांढरं झिरझिरीत सुती उपरणं खांद्यावरून गुंडाळून घेतलं होतं. दारात त्याने बूट काढले, उंबऱ्याला हात लावला आणि आत येऊन दुसऱ्या बाकापाशी उभा राहिला. उभाच राहिला. त्यांच्यात उपासनेला उभं राहायचं असतं. गीत झालं, वाचन झालं, पाळकसाहेबांचं लांबलचक प्रवचन झालं, हा आपला खांबासारखा उभा, आणि मागच्या तीन बाकांवरची माणसं त्याच्या कडेकडेने माना काढून व्यासपीठ शोधत होती. मंडळीचे सेक्रेटरी साळवेभाऊ दोनदा येऊन त्याला बसायला सांगून गेले. दोन्ही वेळा त्याने हसून "धन्यवाद" म्हटलं आणि उभा राहिला. पुढच्या रविवारपासून त्याने आपणहून मागचा खांब पकडला.

साळवेभाऊंबद्दल सांगायला हवं. बसडेपोतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, नेहमी कडक इस्त्रीत. चर्चच्या चाव्या त्यांच्याकडे, घंटा त्यांच्याकडे, कोणी कुठे बसायचं हेही त्यांच्याकडे. आमच्या मंडळीत पाळक बदलतात, साळवेभाऊ बदलत नाहीत. दाराशी काढलेले देसाईचे बूट पाहून ते मला म्हणाले होते, "बाई, हे काय देऊळ आहे का?" तरी त्यांचा देसाईवर राग नव्हता. नवा माणूस आला, तोही एवढ्या लांबून, याचा त्यांना अभिमानच होता. येईल त्याला ते खांबाकडे बोट करून दाखवायचे, "आपले डॉक्टर."

नोव्हेंबर संपत आला आणि देसाईचा उपास सुरू झाला. त्यांचा नाताळ सात जानेवारीला असतो, आणि त्याआधी सहा आठवडे मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, दूध-तूप-लोणी काही नाही. शिवाय दुपारचे तीन वाजेपर्यंत तोंडात काहीच घालायचं नाही, पाणीसुद्धा. तीननंतर मात्र डाळभात, भाजी, सगळं पोटभर. काकूंना हे काही झेपेना.

"दूध चलना नाय आणि डाळभात चलता? ह्यो उपास कसलो, ह्येका पथ्य म्हणतत," त्या म्हणाल्या. पण तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही हे कळल्यावर त्यांचा आवाज खाली आला. त्यात मार्गशीर्ष लागला. काकूंच्या घरी महिनाभर मासे बंद, गुरुवारी घट, आणि शेजारी देसाईचंही सगळं बंद. मग काय, काकूंनी मजल्यावर जाहीर करून टाकलं की देसाई मार्गशीर्ष पाळतो. ख्रिस्ती असून पाळतो, आणि तुमची मुलं बघा. आम्ही प्रॉटेस्टंट माणसं उपासाच्या बाबतीत तशी ढिलीच. त्यामुळे त्या महिन्यात देसाईला खरी सोबत झाली ती काकूंची. दुपारी तीनला त्या त्याच्यासाठी तेलात फोडणी दिलेली डाळ राखून ठेवायच्या.

आणि मग आमचा नाताळ आला.

पंचवीस तारखेला उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात मांडव घालून जेवण असतं. बिर्याणी, करंज्या, आणि साळवेभाऊंच्या पत्नी सरोजवहिनींचा केक. पाहुण्यांना वाढायला साळवेभाऊ स्वतः फिरतात. ते देसाईपाशी आले. बिर्याणी वाढायला गेले तर याने ताटावर हात धरला. केक पुढे केला, नको. करंजी, नको. साळवेभाऊ हसत होते, पण पंगतीतली माणसं आता बघायला लागली होती.

"बरं, पाणी तरी घ्या," ते म्हणाले आणि पेला पुढे केला.

एक वाजला होता. देसाईने छातीवर हात ठेवला आणि मान हलवली.

साळवेभाऊंनी पेला टेबलावर ठेवला. मी पलीकडून धावले, पण ते माझ्याकडे वळलेच होते. "बाई, तुमच्या डॉक्टरांना आमच्या हातचं पाणी चालत नाही."

"भाऊ, त्याचा उपास आहे."

"नाताळच्या दिवशी? ख्रिस्ती माणसाला?" ते आवाज न चढवता म्हणाले. "बाई, मी उपास लहानपणापासून ऐकतोय. आमच्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी अख्ख्या गावाला बोलावलं होतं. वरच्या आळीतली सगळी माणसं आली, अहेर दिला, आणि नेमका सगळ्यांना त्या दिवशी उपास होता."

आमच्यातल्या बहुतेक घरांत अशी एक तरी गोष्ट आहे, आमच्याही घरात आहे. साळवेभाऊंनी आयुष्यभर एक नियम पाळला होता. जो माझ्या घरचं खात नाही, त्याच्याशी माझा संबंध नाही. त्या दिवशी ते पुन्हा देसाईकडे फिरकले नाहीत.

संध्याकाळी गॅलरीत मी देसाईला सगळं समजावून सांगितलं. जात म्हणजे काय, पाणी नाकारणं म्हणजे काय, उपासाच्या नावाखाली काय-काय झालेलं आहे. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो स्वतःबद्दल बोलला. त्यांच्या घरी उपास सुटताना पहिला घास कोणी आपल्या हाताने घेत नाही. घरातलं वडीलधारं माणूस भरवतं. तो घास मोठा लागतो, लहान भरवला तर माया कमी आहे असं समजतात. मागच्या नाताळला, सात जानेवारीला, तो हॉस्टेलच्या मेसमध्ये एकटाच बसला होता. एक उकडलेलं अंडं घेतलं आणि स्वतःच्या हाताने खाल्लं.

"टीचर, अंडं पोटात गेलं," तो म्हणाला. "पण उपास सुटला नाही. तो अजून चालू आहे. आता दुसरा त्याच्यावर चढला."

दोन दिवसांनी संध्याकाळी तो मला घेऊन साळवेभाऊंच्या घरी गेला. भाऊंनी दार उघडलं, बसा म्हणाले, पण तेवढंच. सरोजवहिनींनी रीतीप्रमाणे चहा आणला. दुधाचा, साय आलेला. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा तेच. देसाईने कपाकडे पाहिलं, साळवेभाऊंकडे पाहिलं. मी मध्ये बोलणार तर त्याने मला हाताने थांबवलं. पाटीवरचं एकही वाक्य नाही, स्वतःची मोडकीतोडकी मराठी.

"भाऊ, मी खोली बघायला जायचो. लोक मला बघून दार लावायचे. म्हणून मला थोडं कळतं. तुमच्या हातचं चालत नाही असं नाही. मला तुमच्याच हातचं पाहिजे. सात तारखेला पहाटे, चर्चमध्ये. पहिला घास. इथे माझं मोठं माणूस कोणी नाही."

साळवेभाऊंनी चहाच्या कपाकडे पाहिलं.

"तुमच्याकडे चर्चची चावी आहे," देसाई पुढे म्हणाला. "मला चावी नको. तुम्ही या."

"बघू," साळवेभाऊ म्हणाले.

त्यांचं 'बघू' म्हणजे काय, हे तीस वर्षं ओळखून असलेल्या मलाही सांगता येणार नाही. सरोजवहिनींनी मात्र कप उचलून आत नेला आणि बिनदुधाचा चहा आणला. देसाईने तो दोन घोटांत संपवला आणि तोंड पोळून घेतलं.

सहा जानेवारीला आमच्या मजल्यावर सकाळपासून कोंबडी शिजत होती. त्यांच्याकडे नाताळला झणझणीत कोंबडीचा रस्सा आणि आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार धिरडी असतात. काकूंनी त्याच्या मोबाइलवर त्या धिरड्याचा फोटो पाहिला आणि त्याला वेड्यात काढलं. "ही तर आंबोळी." आंबोळीच्या पिठात नाचणी घातल्यावर तर रंगही तोच आला. मार्गशीर्ष संपला होता, मालवणी मसाला नवा होता, काकूंचा हात सुटला. देसाई कांदा परतत होता, एकेक आंबोळी उतरली की हात लावून बघत होता, आणि मधूनच श्वास आत ओढून 'हो' म्हणत होता. त्या घरात ओव्याची बरणी आता कोणी शोधत नव्हतं. पण साळवेभाऊंचा निरोप नव्हता. मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "काही बोलले नाहीत. तुम्हाला माहीत आहेत ना ते." देसाईने त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. फक्त रस्सा गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळत राहिला.

सात तारखेला उजाडताना आम्ही तिघं टॅक्सीतून भायखळ्याला उतरलो, देसाई उपरण्यात, मी स्वेटरमध्ये, आणि काकू मांडीवर पातेलं सांभाळत. फाटक बंद असलं तर पायरीवर प्रार्थना करू आणि घरी जाऊ, असं देसाई वाटेत म्हणाला होता. तेवढंच बोलला.

फाटक उघडं होतं. आत दिवे लावलेले होते. पुढचे बाक भिंतीला सारून मधे उभं राहायला मोकळी जागा केली होती. उंबऱ्याबाहेर काळे पॉलिश केलेले बूट नीट जोडून ठेवले होते, आणि आत, नाताळच्याच सुटात, साळवेभाऊ नुसत्या मोज्यांवर उभे होते. एक मोजा अंगठ्याशी फाटलेला होता, आणि तो लपवायला ते पायावर पाय ठेवत होते. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम.

देसाईने त्याच्या भाषेत प्रार्थना गायली. कळलं काहीच नाही. आम्ही सगळे उभे होतो, काकूसुद्धा पदर डोक्यावरून घेऊन. मग मागच्या खोलीत पातेलं उघडलं. साळवेभाऊंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आंबोळीचा तुकडा रश्शात बुडवला, कोंबडी घेतली.

"मोठा करा," मी म्हटलं. "लहान चालत नाही."

"मला शिकवू नका," असं म्हणून त्यांनी एवढा मोठा घास केला की देसाईचं तोंड मिटेना. त्याचे गाल फुगले, मालवणी मसाल्याने नाकातोंडातून पाणी यायला लागलं, आणि तो तसाच, न चावता, साळवेभाऊंच्या हाताला कपाळ लावून उभा राहिला. घास गिळून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "दोन्ही सुटले." मग त्याने तसाच घास केला आणि भाऊंच्या तोंडापुढे धरला. भाऊंनी आमच्याकडे एकदा पाहिलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला कोणी भरवत नाही, फार तर लग्नात एकदा. त्यांनी तोंड उघडलं.

"तिखट आहे," ते चावत म्हणाले. "चांगलं आहे."

मार्चमध्ये देसाईचं शिक्षण संपलं. तो निघाला त्या दिवशी त्यांचा ईस्टरआधीचा उपास चालू होता, म्हणजे पुन्हा सगळं बंद. सकाळी अकराला टॅक्सी चाळीखाली आली. काकू डोळे पुसत होत्या आणि वाटेसाठी म्हणून पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबत होत्या. तेवढ्यात साळवेभाऊ आले, हातात केकचा डबा.

"काकू, ती बाटली बॅगेत टाका. अजून तीन वाजायचेत," त्यांनी आल्याआल्या दटावलं. मग डबा देसाईला दिला. "अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. सरोजने दोनदा बिघडवला. हा जमलाय असं ती म्हणते." डबा हातात घेतल्यावर त्याचं वजन देसाईच्या चेहऱ्यावर दिसलं. देसाई टॅक्सीत बसला, साळवेभाऊ खिडकीपाशी वाकले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि सापडत नव्हतं.

"तीन वाजता तुम्ही विमानात असणार," शेवटी ते म्हणाले. "तिथे तीन कुठले धरायचे? इथले की तुमच्याकडचे?"

देसाईने मांडीवरच्या डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि थोडा विचार केला. "इथले," तो म्हणाला.

आमचे तीन त्याच्या देशाच्या अडीच तास आधी वाजतात, त्यामुळे हे उत्तर त्याच्या मनाने दिलं की पोटाने, हे मला सांगता येत नाही. पण सरोजवहिनींनी नंतर सांगितलं, त्या दिवशी भाऊ घरी गेले ते जेवायला बसेचनात. पाणीही घेतलं नाही. घड्याळात तीन वाजले तेव्हा पाटावर येऊन बसले. ताट पुढे आलं तरी हात लावेनात, नुसते बघत राहिले. काय हवं ते वहिनींना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी ओल्या हातानेच एक मोठा घास केला आणि त्यांना भरवला.